चाई पडल्यावर मन सांभाळण्याचा क्रम

चाई, म्हणजे ॲलोपेशिया एरिआटा, झालेल्या माणसाला काय करायला हवे हे थोडेफार ठाऊक असते. चूक होते ती क्रमात. पहिला चट्टा दिसला त्याच रात्री विगची चौकशी सुरू होते, दुसऱ्या दिवसापासून तीन वेगवेगळे लेप लागतात, आठवड्याभरात एक तर सगळ्यांना सांगून होते किंवा कोणालाच न सांगण्याचा निश्चय होतो, आणि काही महिन्यांनी चट्टा भरून आला की प्रकरण मिटले असे समजून सारे आवरून ठेवले जाते. मग एके दिवशी कानामागे नवा चट्टा बोटाला लागतो आणि पहिल्यापेक्षा मोठा धक्का बसतो. मला हा आजार गेली अकरा वर्षे आहे आणि यातली प्रत्येक चूक मी केलेली आहे.

केस जाण्याचे दुःख मोठेच असते. पण ते कधी जातील, किती जातील आणि परत येतील का, याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही, ही गोष्ट माणसाला आतून जास्त पोखरते. म्हणून पुढचे टप्पे केस सुधारतील या गृहीतावर उभे केलेले नाहीत. चट्टा वाढला, तसाच राहिला किंवा भरून आला, तरी ते चालावेत अशी त्यांची मांडणी आहे. एखादा टप्पा लांबला तर लांबू द्यावा, पण उडी मारून पुढचा घेऊ नये.

## पूर्वतयारी

दोन गोष्टी हाताशी हव्यात. पहिली म्हणजे एक साधी वही. मोबाइलमधली नोंद चालत नाही असे नाही, परंतु मोबाइल हाती घेतला की माणूस नोंद सोडून केस परत आलेल्या अनोळखी लोकांची छायाचित्रे शोधू लागतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एक माणूस. तो सर्वांत जवळचाच असावा असे नाही. त्याची निवड एकाच कसोटीवर करावी: आपण अडचण सांगितली की तो लगेच उपाय सुचवतो का? सुचवत असेल तर त्याला पुढच्या फेरीत सांगावे. सध्या ऐकून घेणारा माणूस लागणार आहे.

## टप्पा १: निदान पक्के करून घेणे

मन सांभाळण्याच्या लेखात हा टप्पा कशाला, असे वाटेल. पण कशाला तोंड द्यायचे आहे हेच ठरले नसेल तर मनाची सगळी तयारी हवेत राहते. चाईचा चट्टा सहसा गोल, गुळगुळीत आणि नाण्याएवढा असतो, त्यावर खवले नसतात, कडेला काही आखूड केस मुळाशी बारीक आणि टोकाला जाड दिसतात, आणि काहींच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे असतात. डोक्याच्या त्वचेला बुरशीचा संसर्ग झाला असेल तर तिथे बहुधा खवले येतात आणि तो संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी सरसकट गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते. व्रण ठेवून जाणाऱ्या केसगळतीत मात्र केसाचे मूळच नष्ट होते आणि तिथे उशीर परवडत नाही. हा भेद त्वचारोगतज्ज्ञाने करायचा आहे; घरी आरशासमोर करायचा नाही.

तपासणीला जाताना प्रश्न लिहून न्यावेत, कारण त्या खोलीत बसल्यावर निम्मे विसरायला होतात. हे चाईच आहे हे कशावरून? थायरॉइडची तपासणी करावी का? आत्ता उपचार न करता थांबलो तर काय होईल? सुरू केला तर तो लागू पडला की नाही, हे किती आठवड्यांनी ठरवायचे? शेवटचा प्रश्न विसरू नये. टप्पा ६ त्याच्यावर उभा आहे.

घरी आल्यावर वहीच्या पहिल्या पानावर एवढे लिहावे. चाईत शरीराच्या संरक्षक पेशी केसांच्या मुळांवर चुकून हल्ला करतात. मूळ जिवंत राहते, त्यामुळे काही वर्षांनीही केस परत येऊ शकतात. हा आजार संसर्गजन्य नाही आणि कुठला किडा केस खात नाही. शंभरातल्या साधारण २ जणांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. थोडेच चट्टे असलेल्या अनेकांचे केस वर्षभरात उपचारांविनाही परत येतात, मात्र आजार पुन्हा उलटणे नेहमीचे आहे. हे शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होतो. ते गाळू नये.

पडताळा: वही मिटून, हा आजार काय आहे हे चार वाक्यांत मोठ्याने सांगता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: बघण्याची वेळ बांधून घेणे

बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि बहुतेकांची शक्ती इथेच खर्च होते.

हलणाऱ्या दाताकडे जीभ जशी पुनःपुन्हा जाते, तसे बोट चट्ट्याकडे जाते. पहिल्या वर्षी मी न्हाणीघरात एक आरसा समोर, दुसरा हातात आणि मोबाइलचा दिवा दातांत धरून डोक्याची मागची बाजू पाहत असे. मान अवघडून जाई, कड कालच्यापेक्षा किंचित पुढे सरकली आहे असे वाटे, आणि दिव्याचा कोन बदलला की ती मागे गेल्यासारखी दिसे. त्या अर्ध्या तासात कळत काहीच नव्हते. तरीही दिवस कसा जायचा हे त्यावरून ठरत असे.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे आजच्या आणि उद्याच्या चट्ट्यात डोळ्यांना दिसेल असा फरक पडूच शकत नाही. दिसतो तो उजेडाचा, ओल्या-कोरड्या केसांचा आणि मनाचा फरक असतो. गळलेले केस मोजण्याचेही तसेच आहे. निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० केस गळतात, आणि न्हायच्या दिवशी, विशेषतः दोन-तीन दिवसांनी न्हाल्यास, ते एकदम हातात येतात. उशीवरचे, कंगव्यातले आणि मोरीच्या जाळीवरचे केस गोळा करून कागदावर मांडण्याने कोणताही निर्णय सोपा होत नाही. त्यामुळे पुढीलप्रमाणे करावे.

१. दर चार आठवड्यांनी एकदा छायाचित्र काढावे. जागा, उजेड आणि अंतर तेच ठेवावे, केस कोरडे असावेत, आणि शक्य असेल तर पूर्वतयारीत निवडलेल्या माणसाला ते काढायला सांगावे.

२. छायाचित्र काढल्यावर ते मागच्या एकाच छायाचित्राशी ताडून पाहावे, वहीत ‘वाढला’, ‘तेवढाच’ किंवा ‘भरतो आहे’ यांपैकी एक शब्द लिहावा आणि मोबाइल बाजूला ठेवावा.

३. मधल्या दिवसांत बघण्याची उबळ आली तर ती दाबू नये, दहा मिनिटे पुढे ढकलावी. दहा मिनिटांनीही बघावेसे वाटले तर बघावे आणि वहीत फक्त वेळ नोंदवावी.

४. बोट चट्ट्यावर गेल्याचे ध्यानात आले की हात खाली आणून एखादी वस्तू धरावी. स्वतःला रागावू नये. रागावले की उबळ वाढते.

सुरुवातीला नोंदींची संख्या पाहून लाज वाटेल. पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत एका दिवसाला चौदा वेळा होत्या. तीन-चार आठवड्यांत त्या कमी होऊ लागल्या, आणि ज्या दिवशी एकच नोंद झाली त्या दिवशी चट्टा तेवढाच होता.

इशारा: डॉक्टरांनी अधूनमधून पाहायला सांगितले असेल तर त्याचे वेळापत्रक त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. ‘लक्ष ठेवा’ या शब्दांचा अर्थ रोज असा घेऊ नये.

## टप्पा ३: दुःखाला वेळ देणे, दोष न देणे

‘केसच तर आहेत’ हे वाक्य दुसऱ्याने म्हटले की दुखते आणि आपण स्वतःला म्हटले की त्याहून जास्त दुखते. केस हे आपल्या ओळखीचा भाग असतात; भुवया आणि पापण्यांचे केस गेले की आरशातला चेहराच परका वाटू लागतो. शिवाय गैरसोय खरीखुरी असते: पापण्यांविना डोळ्यांत धूळ जाते, नाकातले केस गेले की नाक वाहत राहते. याचे वाईट वाटणे हा दुबळेपणा नाही.

सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटे, काय गेले आणि कशाची भीती वाटते ते वहीत लिहावे. शुद्धलेखन, क्रम, सुवाच्यता कशाचाही विचार करू नये. झोपण्याच्या तोंडावर लिहू नये; लिहून झाल्यावर हाताला काम राहील अशी वेळ निवडावी. पाचव्या दिवशी थांबावे. रोज तेच लिहीत राहिले की मोकळे होण्याऐवजी माणूस त्याच वर्तुळात फिरत राहतो.

या टप्प्यातली सर्वांत घातक चूक म्हणजे दोष शोधणे. ‘मी ताण घेतला म्हणून हे झाले’ असे अनेकांना वाटते आणि आजूबाजूचेही तेच ऐकवतात. ताणाचा या आजाराशी काही संबंध असू शकतो, पण एखाद्या माणसाची चाई त्याच्या ताणामुळे आली असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. आनुवंशिकतेचा वाटा मात्र निश्चित आहे. शांत राहणे चांगलेच. परंतु केस यावेत म्हणून शांत राहायचे ठरवले तर शांत राहणे हीच परीक्षा होऊन बसते आणि प्रत्येक नवा चट्टा नापास झाल्याचा शेरा वाटतो.

इशारा: दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, घराबाहेर पडणे बंद झाले असेल, तर या लेखावर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जावे. त्यांना चाईची माहिती असणे आवश्यक नाही, ती आपण वहीच्या पहिल्या पानावरून देऊ शकतो. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी, त्याच तासात, कोणाला तरी सांगावे आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

## टप्पा ४: सांगण्याची वाक्ये तयार करणे

लोकांनी विचारल्यावर सुचेल ते बोलणे ही सार्वत्रिक चूक आहे. अचानक आलेल्या प्रश्नापुढे माणूस एक तर खोटे बोलतो किंवा नको तेवढे सांगून बसतो, आणि दोन्ही गोष्टी नंतर सांभाळाव्या लागतात. त्यासाठी तीन वाक्ये आधीच लिहून ठेवावीत.

अनोळखी किंवा तोंडओळखीच्या माणसासाठी: ‘मला चाई आहे, तिच्यात केस जातात, बाकी माझी तब्येत ठीक आहे.’ बरेच लोक केमोथेरपी समजून घाबरलेले असतात, त्यामुळे या वाक्याचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे.

रोजच्या सहवासातल्या माणसांसाठी: ‘केस येतील, जातील, याचा नेम नाही. दर वेळी विचारू नका, सांगण्यासारखे असेल तेव्हा मीच सांगेन.’ केस आल्यावर ‘अरे वा, आले की!’ म्हणणारी माणसे प्रेमानेच म्हणतात. पण ते केस पुन्हा गेले तर त्यांना काय तोंड दाखवायचे, हे ओझे आपल्यावर येते. म्हणून ही विनंती आधीच करून ठेवावी.

उपाय सुचवणाऱ्यांसाठी: ‘तुम्ही काळजीने सांगता आहात हे कळते. माझे उपचार ठरलेले आहेत, त्यात भर घालायची नाही.’ एवढ्यावर थांबावे. कारणे देऊ लागलो की वाद सुरू होतो.

ही वाक्ये मनात घोळवून चालत नाहीत. ती मोठ्याने, उभे राहून, निदान दहा वेळा म्हणावीत, आणि आवाज कुठे अडकतो ते पाहून तिथला शब्द बदलावा. माझा आवाज ‘चाई’ या शब्दावरच अडकत असे.

मग सांगण्याचा क्रम ठरवावा. सर्वांत अवघड माणसापासून सुरुवात करू नये. जो बिचकणार नाही अशापासून करावी आणि एका आठवड्यात दोघा-तिघांच्या पुढे जाऊ नये. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सदस्य अयाना प्रेसली यांच्या डोक्यावरचे उरलेसुरले केस डिसेंबर २०१९मध्ये गेले आणि जानेवारी २०२०मध्ये त्यांनी विग काढून चित्रफितीतून ते स्वतः जाहीर केले. सतत लोकांच्या नजरेत असलेल्या व्यक्तीनेही आधी काही आठवडे स्वतःसाठी ठेवले, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

आजार मुलाला असेल तर कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही हे मुलाला विचारल्याशिवाय ठरवू नये. वर्गशिक्षकांना मात्र आधी कल्पना द्यावी. पालकांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवताना चट्टा तपासू नये. मुलांना तो फरक हाताच्या स्पर्शावरून कळतो.

पडताळा: आरशाकडे न पाहता तिन्ही वाक्ये न अडखळता येतात का?

## टप्पा ५: झाकायचे की नाही, हे ठरवणे

घाईत घेतलेले सर्वाधिक निर्णय याच टप्प्यावरचे असतात. निर्णय होईतोवर एखादी मऊ टोपी किंवा रुमाल पुरतो.

चट्टे वाढत असताना क्लिपांनी बसणारा अर्धा विग घेऊ नये. क्लिपा धरायला आजूबाजूला केस लागतात. तेच गेले तर विग निरुपयोगी होतो, आणि क्लिपांच्या ओढीने उरलेल्या केसांवर ताण येतो तो वेगळाच. पूर्ण विग घेतला तर आधी घरातच दोन-दोन तास घालून पाहावा, वाकून, पळून, पंख्याखाली उभे राहून पाहावा. तो हलेल या भीतीने माणूस ताठ मानेने वावरू लागला तर झाकल्याचा उपयोग झाला नाही.

भुवया शाबूत असतील तर आजच समोरून आणि दोन्ही बाजूंनी त्यांची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे कधी पेन्सिलीने रेखायची वेळ आली तर आपलीच ठेवण हाताशी राहते. हे मला कोणी सांगितले नव्हते.

सगळे केस उतरवण्याचा निर्णय बऱ्याच जणांना मोकळे करतो, कारण रोज थोडे थोडे जाण्याची वाट पाहणे संपते. त्याने आजार वाढत नाही की बराही होत नाही. पण तो निर्णय न्हाल्यानंतर मूठभर केस हातात आलेल्या रात्री घेऊ नये. वहीत तारीख घालून लिहावा, दोन आठवडे थांबावे, आणि मत तेच राहिले तर त्या निवडलेल्या माणसाला सोबत घेऊन करावा. नंतर उन्हात जाताना टोपी घालावी किंवा सनस्क्रीन लावावे. उघड्या डोक्याची त्वचा फार लवकर भाजते.

आज झाकले म्हणून उद्या झाकलेच पाहिजे, असे स्वतःला बांधून घेऊ नये.

## टप्पा ६: उपचारांच्या आशेला तारीख घालणे

चट्ट्यात दिली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने सहसा ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दिली जातात. तीव्र चाईसाठी अलीकडे पोटात घेण्याची औषधे आली आहेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने प्रौढांसाठी बॅरिसिटिनिबला जून २०२२मध्ये आणि १२ वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिबला जून २०२३मध्ये मान्यता दिली. त्यांचे धोके आहेत, ती सर्वांना लागू पडत नाहीत, आणि बंद केल्यावर केस पुन्हा जाण्याची शक्यता असते. बॅरिसिटिनिबच्या मुख्य चाचण्यांत परिणाम ३६ आठवड्यांनी मोजला गेला. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात आरशात काही दिसले नाही म्हणून खचणे म्हणजे परीक्षेच्या आधीच निकाल मागणे आहे.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत वहीत तारीख म्हणून लिहावी. त्या तारखेपर्यंत ‘लागू पडते आहे का’ हा प्रश्न बंद. त्या दिवशी डॉक्टरांसोबत तो उघडावा, आणि उपचार थांबवणे हाही एक रास्त पर्याय आहे हे आधीच लिहून ठेवावे.

याच टप्प्यावर ‘केस आल्यावर’ म्हणून पुढे ढकललेल्या गोष्टींची यादी करावी: छायाचित्र काढून घेणे, पोहायला जाणे, नवी नोकरी, लग्नाची बोलणी, काहीही. त्यांतली सर्वांत छोटी गोष्ट निवडून या महिन्यात, आहेत त्या केसांनिशी, करावी. मी पोहायला जाण्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी टोपी न काढता काठावरून परत आलो. तेही वहीत लिहिले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो.

## टप्पा ७: केस परत आल्यावरचे पान

चट्ट्यात पहिल्यांदा बहुधा पांढरी, रेशमासारखी लव येते. रंग नंतर भरतो. आनंद व्हायलाच हवा, तो भीतीपोटी आवरून धरू नये. पण नेमक्या याच दिवसांत एक काम उरकायचे असते, आणि ते नंतर करू म्हटले की कधीच होत नाही: चाई उलटली तर काय करायचे याचे एक पान लिहून ठेवणे. मन स्थिर असताना लिहिलेले पान मन घाबरलेले असताना वाचता येते. घाबरल्यावर नवे काही सुचत नाही.

पानावर सर्वांत वर लिहावे: ‘पहिले दोन दिवस परत न फिरवता येणारे काहीही करायचे नाही.’ म्हणजे केस उतरवणे नाही, खरेदी नाही, राजीनामा नाही, लग्न मोडणे नाही. त्याखाली त्या माणसाचे नाव आणि त्याला पाठवायचा निरोप, शब्दांसह: ‘पुन्हा चट्टा दिसला. उपाय नको, फक्त ये.’ मग डॉक्टरांची वेळ घेणे, एकच छायाचित्र, आणि टोपी व रुमाल कुठे ठेवले आहेत ती जागा. त्यानंतर टप्पा २ पुन्हा पहिल्या दिवसापासून. टप्पा ३मधले लेखन या वेळी दोन दिवसांतही पुरे होते. टप्पा ४ची वाक्ये तयारच असतात.

इथे होणारी चूक अशी की लोक या पानाला अपशकुन मानून ते लिहीत नाहीत, किंवा लिहून अशा ठिकाणी ठेवतात की ऐनवेळी सापडत नाही. ते वहीच्या शेवटच्या पानावर असावे आणि त्याची एक प्रत त्या माणसाकडे असावी.

प्रत्येक वेळी पान वापरून झाल्यावर त्यात दुरुस्ती करावी, जे उपयोगी पडले नाही ते खोडावे. माझे सध्याचे पान चौथे आहे. पहिल्यावर ‘आईला सांगायचे नाही’ असे लिहिले होते. तिसऱ्यापासून तिचे नाव सर्वांत वर आहे.